खांद्याचा मान

१२ फेब्रुवारी २००७
मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी आज नाव सांगितलं – ऑटिझम. बत्तीस वर्षं गावाने मला 'खुळी तुळसा' म्हटलं. बांगड्यांचा आवाज सोसत नाही, बोलताना डोळ्यांत बघवत नाही, पाहिलेला क्रम जन्मात विसरत नाही.

मग भीत भीत विचारलं – मी पुरुष आहे असं लहानपणापासून वाटतं, तेही यातलंच का? म्हणाल्या, "माझ्याकडे येणाऱ्यांत दोन्ही एकत्र बरंच दिसतं. पण एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही." गाडीतून वीर स्टेशनला उतरेपर्यंत तेच घोकत होतो.

१३ फेब्रुवारी
गावी जाऊन आईला सांगितलं. तिने सोयीचं तेवढं उचललं. "मंग डोक्याचाच आजार हाय! औषध घे, म्हंजे बाप्या व्हायचं खूळ जाईल."
न जेवता बिरवाडीच्या माझ्या भाड्याच्या खोलीवर परत आलो. फार राग आलाय.

२ मार्च
गावचे कुशाबा खोली शोधत आले! शिमग्याची पालखी कुणाच्या दारी आधी, कुणाच्या नंतर, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. आता आठवत नाही. गेल्या साली एक घर राहिलं, अजून दोन वाड्या एकमेकांशी बोलत नाहीत.
"तुला समदं पाठ हाय. लिवून दे."
दिलं नाही! म्हटलं, पालखीला पुढचा खांदा देईन आणि तिथून सांगेन. शर्ट-पँटीत.
"बायांचा खांदा लागत नाय."
"मी बाई नाही."
त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. म्हणाले, "ये. तुझ्या आयचं तू बघ."

३ मार्च
केस कापले. मान गार!

५ मार्च
त्रेसष्ट घरं, एकही चूक नाही! कानांत कापूस कोंबूनही ढोल छातीत वाजत होता. मी घरं मोजत राहिलो. सयाजी आडवा आला, "आमचं आधी." म्हटलं, तुमच्या आज्यापासून तुमचं घर श्रीपतरावांच्या घरानंतर. बाजूला सरला.
पालखी दारी आली की घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते. आमचं घर चव्वेचाळिसावं. आई मला वगळेल, हीच धास्ती होती. पुढचं उद्या लिहितो.

६ मार्च
आई कळशी घेऊन उभी होती. दोघांचे पाय धुऊन झाले. माझ्यापाशी थांबली. मग पाणी घातलं, वाकून हाताने चोळलं, आणि मागच्या गड्याला म्हणाली, "हळू घे रे. माझ्या पोराचा पयलाच खांदा हाय."