संगिनींच्या शेजारची डबी

अप्पा, तुम्ही माझ्याशी एकदा खोटं बोललात. ते मला परवा कळलं, नांदेडच्या माझ्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी?

लातूरच्या घरी दर रविवारी तुम्ही रद्दीतून आणलेली महायुद्धाची पुस्तकं पसरून बसायचात, हातात ते दांडी तुटलेलं भिंग. तुमचे वडील त्या युद्धात गेले ते गेलेच. ना पत्र, ना तार. गल्ली म्हणायची, कुठंतरी दुसरं घर केलं असंल. आजी मात्र रोज ठसठशीत कुंकू लावायची. तुम्ही त्यांना फोटोत शोधत होतात आणि मला शिकवत होतात. "तोंड बघू नको गं, तोंडं समदी सारखीच. पट्टा बघ, बूट बघ." अर्धी चड्डी आणि पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या असल्या, तर आपला शिपाई असू शकतो. छातीवरचे काडतुसांचे खिसे फुगलेले असले तर लढाई व्हायचीय, लोंबत असले तर होऊन गेली. संगीन कुठल्या बंदुकीची ते मला सांगता यायचं आणि भाकरी थापता यायची नाही, म्हणून आई करवादायची.

त्या रविवारी पान उलटलं तर शत्रूचे सैनिक हसत उभे आहेत. त्यांच्या पायाशी चादरीवर जिंकलेला माल मांडलाय: बंदुका, संगिनी, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, सगळं भांड्यांच्या दुकानासारखं नीट. कडेला एक छोटी गोल डबी. मी बोट ठेवलं, "अप्पा, हे काय हो?" तुम्ही भिंग धरलं. लई वेळ धरलं. मग माझं बोट झटकून म्हणालात, "होकायंत्र हाय ते. सारखं मधी मधी करू नको." मागं आजी अंबाडी निवडत होती. तिनं विचारलं, "काई घावलं का रं?"

"न्हाई माय. निस्त्या बंदुका हायेत."

त्यानंतर पुस्तकं माळ्यावर गेली ती गेलीच. माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी रडले होते.

सवय जात नाही, अजूनही मी मोबाईलवर जुन्या युद्धाचे फोटो बघत बसते. परवा तोच फोटो आला, अगदी लख्ख. बोटांनी मोठा केला आणि आधी गॅस बंद केला. चांदीची डबी, तिचा दोरा, आणि दोरा कापलेला. अहो, होकायंत्र कसलं! तुम्ही रोज सकाळी अंघोळ करून पूजेला उघडायचात तशीच लिंगाची डबी. आपल्या लिंगायतांत लिंग गळ्यातून उतरत नाही. माणूस पुरतात तेसुद्धा ते तळहातावर ठेवून. जिवंतपणी कुणी तो दोरा कापू दिला नसता. दुसऱ्या कुणाची असेलही, आपल्याकडचे काय एकटे आजोबाच गेले होते? पण तुम्ही तसं मानलं नाहीत, नाहीतर शोधणं थांबवलं नसतंत.

आजी गेली तेव्हा बायका कुजबुजत होत्या, हिला सवाष्ण म्हणून न्यायचं का विधवा म्हणून? तुम्ही दारातून ओरडलात, "हिरव्या बांगड्या भरा. कुंकू लावा." मला तो हट्ट वाटला होता. बाई गं, सगळं ठाऊक असून कसं म्हणवलं तुम्हाला? बाप दुसरं घर करून राहिला, हे बोलणं मरेपर्यंत ऐकून घेतलंत, पण तोंड उघडलं नाहीत. बापासाठी रडलात तरी कुठं, तेही मला माहीत नाही. वाईट वाटतं अप्पा, फार वाईट वाटतं, आणि रागही येतो.

हा फोटो मी कुणालाच दाखवणार नाही. पण एक सांगते. तुमच्या जागी मी असते ना, तर खरं ते खरं म्हणून तो फोटो तिथंच आजीपुढं धरला असता. आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या बायकांनी येऊन तिचं कपाळ पुसलं असतं.