टबाचा नळ आणि माझं कन्नड

३ मार्च, सोमवार
सुमनच्या गुडघ्यांना डॉक्टरांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून टब बसवला. आठ दिवसांत नळ गळायला लागला. शेजारचे वीरण्णा प्लंबर आहेत. सुमन म्हणाली, त्यांना बोलवा की, कामून हट्ट करायलात? मी म्हटलं, तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला एक वायसर बदलता येत नाही?

४ मार्च, सकाळी ११
मैलूरच्या दुकानातून वायसर आणून बसवलं. नळ बंद ठेवून तपासला, एक थेंब नाही. पूर्ण उघडून तपासला, तरी एक थेंब नाही. काम पक्कं. गल्लीत चौघांना सांगितलं. वीरण्णांनाही, सहज.

दुपारी
सुमन म्हणते, आज पाणी कुठं आलंय? चार दिवसांतून एकदा येतं. ठीक. अर्धी तपासणी झाली म्हणू.

७ मार्च, शुक्रवार, सकाळी ६.२०
पाण्याचा दिवस. कोरड्या टबात बसून वाट पाहिली. वीरण्णांनी भिंतीपलीकडून हाक मारली, "सर, नीर बंद री." म्हणजे पाणी बंद. कन्नड मला घरच्यासारखं येतं. म्हटलं, रिकामा वेळ आहे तर वायसर पुन्हा बघू. नळाचं डोकं काढलं.

६.५०
पाणी थेट तोंडावर. वीरण्णांच्या फाटकाशी जाऊन गल्लीदेखत ओरडलो, माझ्यावर जळता म्हणून खोटं सांगितलंत. ते पान्हा घेऊन आमच्याच घरात पळाले.

संध्याकाळी
सुमननं समजावलं, ते 'बंत' म्हणाले. बंत म्हंजे आलं. ते पाणी आलं म्हणून सांगायलेत अन् तुम्ही नळ खोलायलात.
मी फाटकाशी भांडत होतो तेव्हा ती हॉलमधलं पाणी गुडघे टेकून उपसत होती. त्याच गुडघ्यांवर. फार लाज वाटते.

८ मार्च
माफी मागायची, आजच. फाटकापर्यंत गेलो. ऊन फार होतं, परत आलो. सकाळचे सात.

१० मार्च
घसा बसलाय. अशा आवाजात माफी बरी दिसत नाही.

११ मार्च, मंगळवार
पाणी आलं. वीरण्णा आपणहून नळ तपासायला आले. मी आतल्या खोलीत पांघरूण ओढलं, सुमनला म्हटलं, झोपलेत म्हणून सांग.
नळ गळत नव्हता. वीरण्णा तिला म्हणाले, "अक्का, चूक माझीच. सरांना मराठीत सांगायला पायजे होतं. सर कुठं हैत?"
सुमन म्हणाली, "जागेच हैत. लाजून पडलेत."