नागनाथचं रील आणि माझा अंगठा

रविवार, संध्याकाळ

माझ्या उजव्या अंगठ्याचा मी जाहीर निषेध करतो. गळाची दोरी गुंडाळायचं चाक, म्हणजे स्वस्तातलं बेटकास्टिंग रील घेण्याआधी हात बसावा म्हणून शेजारच्या नागनाथचं मागून हिप्परगा तलावावर नेलं. देतानाच तो म्हणाला होता, "गळ फेकताना अंगठा चाकावर ठेवा की, सर! लई घाई तुमाला."

नाहीच ठेवला. शिवाय गळ लांब जावा म्हणून चाकाचा ब्रेकही ढिला केला. चाक सुसाट फिरलं, दोरीचा गुंता होऊन पाखराचं घरटं झालं, शेवटी कापावं लागलं. आणि उद्या पहाटे नागनाथ आजारातून उठलेल्या वडिलांना याच रीलवर मासे धरायला नेणार! रील घेताना नवशिक्यानं किमतीआधी ब्रेक बघावा, हे आता कळून काय उपयोग?

माझ्या होऊ घातलेल्या रीलसाठी आणलेली नवी दोरी त्याच्या रीलवर गुंडाळली. ब्रेक आवळला. रील पिशवीत घालून ती त्याच्या दाराला अडकवली. घरट्याची कबुली द्यावी लागेल म्हणून बेलवर गेलेला अंगठा मात्र मागे घेतला.