हवेचं वजन आणि शोभाकाकूंचं बेसमेंट

१ फेब्रुवारी २००९, मिल्टन, कॅनडा
आज मला कुणीतरी 'सर' म्हणालं! कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या मला! शोभाकाकूंच्या बेसमेंटमध्ये रविवारी मुलांचा मराठी वर्ग भरतो. त्यातला अर्धा तास आता माझा — मराठीतून विज्ञान. धडा: हवेला वजन असतं. टिपणातले ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा पुन्हा तपासले होते. बोलताना दिसत नाहीत, पण मनाला बरं वाटतं.
अनिशने हात वर केला. "सर, व्हाय नॉट जस्ट से इट इन इंग्लिश?"
"पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून पुढचं टिपण वाचायला घेतलं.

३ फेब्रुवारी
लायब्ररीत उत्तर सापडलं! अठराव्या शतकात हंगेरीत जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा एक पाद्री होता, पेशाने मास्तर. शिकलेल्यांचं सगळं लॅटिनमध्ये चालायचं. पठ्ठ्याने भौतिकशास्त्र सरळ हंगेरियनमध्ये लिहिलं. त्या पानाची झेरॉक्स उशाशी ठेवली.
आई म्हणाली, "आता काय पाद्री होणारेस? मग मुली बघणं थांबवते."

८ फेब्रुवारी
वर्गात मास्तरांची गोष्ट सांगितली. चैत्राली: "डिड ही हॅव किड्स?" म्हटलं, जेझुइट लग्न करत नाहीत. "दॅट्स व्हाय ही हॅड टाइम."
मग प्रयोग. पाण्याने भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा ठेवून पेला उलटा धरायचा. हवेच्या दाबाने पाणी सांडत नाही. घरी दरवेळी जमला होता. इथे — सगळं पाणी बाळआजोबांच्या मांडीवर! हे शोभाकाकूंचे वडील, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. गाडी चालवत नाहीत, बाहेर बर्फ, जाणार कुठे? टेबलाशेजारच्या कोपऱ्यात बसून असतात.
मी टॉवेल शोधायला धावलो. आजोबा पायजमा पिळत म्हणाले, "पुठ्ठा पातळ आहे ना बे! जाड घे. कर पुन्हा!"
वर येताना शोभाकाकू हळूच म्हणाल्या, "मुलं टिकली नाहीत तर बंद करू हं हे."
बंद झालं तर पुन्हा नुसता घरी बसलेला मुलगा मी.

१५ फेब्रुवारी
फक्त अनिश आला. त्याची हॉकी कॅन्सल झाली होती.

२२ फेब्रुवारी
कोणीच नाही.

२३ फेब्रुवारी
शोभाकाकूंचा फोन. सॉरी म्हणायचं वाक्य लिहून ठेवलं होतं. त्यांनी वाचूच दिलं नाही. "रविवारी तुझ्या बाबांची मोठी व्हॅन घेऊन ये रे. वर्गाला नऊ जण आहेत, आमच्या बाबांनी फोन करकरून जमवलेत. बाकीच्यांना राइड लागेल."
"नऊ मुलं?"
"मुलं कुठली! सगळ्यात लहान आमचे बाबा. अठ्ठ्याहत्तर."