बिनसामन्याचे रविवार

बाल्टिमोर,
८ नोव्हेंबर १९९५

ती. लुडविकदादास विदाचा सा. न. वि. वि.

बातमी तुला कळलीच असेल. ती माझ्या तोंडून कळली नाही, एवढंच बरं. मालकाने तुमचा ब्राउन्स फुटबॉल संघ उचलून आमच्या गावात आणायचा ठरवलाय. शेजारच्या बाईने काल गळ्यात पडून माझं अभिनंदन केलं. मी क्लीव्हलंडची, बाबांच्या मांडीवर बसून, तळ्यावरच्या गार वाऱ्यात त्याच संघासाठी घसा बसवून घेतलेली, हे त्या बिचारीला काय ठाऊक! मी नुसती मान हलवली.

माझ्या लेनचं तुला माहीत आहेच. चौऱ्याऐंशी साली आमचा कोल्ट्स संघ असाच रातोरात गाव सोडून गेला, पण त्याचा बँड काही मोडला नाही. इतकी वर्षं संघाशिवाय मिरवणुकांत आणि परक्या मैदानांवर वाजवतायत. नवरदेव पळाला तरी वाजंत्री हटेनात, असं तू त्याला चिडवायचास. परवा बातमी ऐकली आणि लेन स्वयंपाकघरात ट्रॉम्बोन पुसत बसला. माझ्यासमोर आनंद दाखवायला तो लाजतो. दादा, त्याच्यावर रागावू नकोस. नाताळला दोघं येतोच आहोत.

वहिनीचा गुडघा कसा आहे ते कळव. भावाच्या मायेत खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
विदा


क्लीव्हलंड,
१९ डिसेंबर १९९५

चि. विदास अनेक आशीर्वाद.

नाताळला तू ये. लेनरावांना म्हणावं, तुम्ही तिथेच थांबा.

रविवारी शेवटचा सामना झाला. मी आपल्या नेहमीच्याच जागी बसलो. लोक घरून करवती घेऊन आले होते. खेळ चालू असतानाच बाक कापत होते आणि फळ्या मैदानात फेकत होते. शेवटी पंचांनी खेळ दुसऱ्या टोकाला हलवला. आपण जिंकलो. कशाला जिंकलो, कोण जाणे. सामना संपल्यावर खेळाडू कठड्यावर चढून आमच्या गळ्यात पडले. माझ्या शेजारी तो बर्नार्ड असतो, दर सामन्याला कुत्र्याचा मुखवटा घालून भुंकणारा, आडदांड. त्याने मुखवटा काढला तर तोंड सगळं ओलं. एकाने बाकाची फळी माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवून घरी आलो.

तुझी वहिनी श्टेफका म्हणते, लेनने थोडाच संघ चोरला? नसेल चोरला. पण चोराने आणून दिलेला दागिना अंगावर घालून मिरवणाऱ्याला काय म्हणतात, ते त्याला विचार.

श्टेफकाचा गुडघा थंडीने धरलाय. तुझ्यासाठी अक्रोडाचा गोड पाव, आपली पोतित्सा, करायची म्हणून तरीही उभी आहे. जपून ये.

लुडविक


बाल्टिमोर,
३० मार्च १९९६

ती. लुडविकदादांस लेनचा नमस्कार.

मला पत्रं लिहिता येत नाहीत. पण विदा तुमच्याकडून आली ती गप्पगप्पच आहे, म्हणून लिहितो.

आमचा संघ गेला त्या सकाळी मी रेडिओवर ऐकून त्यांच्या सरावाच्या जागी गेलो होतो. बर्फात ट्रकच्या चाकोऱ्या तेवढ्या होत्या. तुम्ही संध्याकाळी फोन करून म्हणालात, काय लेनराव, तुमची कोल्ट्स शिंगरं तबेला सोडून पळाली म्हणे! मीही हसलो, कारण बायकोचा थोरला भाऊ बोलत होता. तुमच्यावर तीच वेळ आली तेव्हा मी चेष्टा केली नाही. एवढं तरी ध्यानात घ्या.

तुमच्या गावाने भांडून नाव आणि रंग ठेवून घेतले, नवा संघही मिळायचाय. आमचं तर नावसुद्धा गेलं होतं.

सप्टेंबरात मी वाजवणार आहे. मला आनंद झालाय आणि तो मी लपवणार नाही. संघाचं नाव डोमकावळे ठेवलंय. आता हसा हवं तर.

राग असो, पण बोलणं सोडू नका.

आपला,
लेन


क्लीव्हलंड,
३ सप्टेंबर १९९६

प्रिय लेन यास,

शिंगरांची चेष्टा मला आठवते. चांगली होती. ती काही मी परत घेणार नाही. तुमच्या कावळ्यांचं अभिनंदनही करणार नाही.

काम दुसरंच आहे. परवाचा रविवार सामन्याविना गेला. प्रार्थनेला जाऊन आलो, गवत कापलं, धुतलेली गाडी पुन्हा धुतली. एक वाजता श्टेफका तळघरात आली तर मी टोपी-जाकीट घालून बंद टीव्हीसमोर बसलेला. ती म्हणाली, असंच करायचं असेल तर पुन्हा चर्चमध्ये जाऊन बसा, तिथे निदान समोर कुणीतरी असतं.

तू हे इतकी वर्षं कसं काढलंस? चेष्टा नाही, खरंच विचारतोय. विदाला सांगू नकोस.

लुडविक


बाल्टिमोर,
९ सप्टेंबर १९९६

ती. दादांस नमस्कार.

विदाला मी सांगितलं नाही. पत्र तिनेच आधी फोडलं.

माझ्याकडे युक्ती वगैरे काही नाही. पहिलं वर्ष मीही तुमच्यासारखंच काढलं. पण बँडच्या तालमीला नाही गेलं तर दुसऱ्या दिवशी तिथली पोरं फोन करून विचारायची, म्हणून जात राहिलो. ती माझ्यामुळे यायची. संघाचं नाव आम्ही फारसं काढतच नसू, चेष्टा-भांडणं मात्र पोटभर.

तेव्हा तळघरातून वर या. चार माणसं गोळा करून नेहमीच्या जागी जा, सामना नसला तरी.

लेन

ता. क. वहिनी, दादा जाईलच असं बघ. – विदा


क्लीव्हलंड,
७ ऑक्टोबर १९९६

चि. विदास आशीर्वाद.

हे पत्र पोचेल तेव्हा लेन घरी आलेला असेल. तो सगळं सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

महिनाभर आम्ही दर रविवारी जुन्या स्टेडियमजवळच्या वाहनतळावर जमतोय. आधी मी, श्टेफका आणि बर्नार्ड एवढेच होतो. श्टेफका शेगडीवर सॉसेज भाजते. पोलिसाने येऊन विचारलं, आज कुठला सामना? नाही म्हटल्यावर त्याने वेड्यांकडे बघावं तसं बघितलं आणि एक सॉसेज खाऊन गेला. हळूहळू माणसं वाढली.

काल लेन येऊन उभा. काल तुमच्याकडे सामना होता, मला माहीत होतं. मी वेळापत्रक बघतो, हे कुठे बोलू नकोस. मी म्हटलं, अरे, तुझा बँड? तो म्हणाला, आज तिथे वाजवणारे पुष्कळ आहेत.

लोक विचारू लागले, हा कोण? मला खोटं बोलवेना. बाल्टिमोरचा आहे म्हटलं. एकाने जाऊन त्याच्या पायाजवळ थुंकून दाखवलं. बर्नार्डने शेगडीकडे पाठ केली. लेनने ट्रॉम्बोन काढून आपली जुनी पोल्का नाचाची धून सुरू केली, आपण जिंकलो की गॅलरीत म्हणायचो ती. वाऱ्याने ओठ बधिर झालेले, सूर असा फाटला की गाढवाने मान खाली घालावी. कुणीतरी हसलं. तो थांबला नाही. दुसऱ्या कडव्याला बर्नार्डने तोंड न वळवताच म्हणायला सुरुवात केली, मग बाकीच्यांनी. श्टेफका गुडघा विसरून नाचली.

संपल्यावर त्या थुंकणाऱ्याने मला पुन्हा विचारलं, हा तुझा कोण? या वेळी मी म्हटलं, माझा मेहुणा. मग त्याने स्वतःच्या हाताने त्याला सॉसेज दिलं.

परत येताना गाडीच्या रेडिओवर कळलं, तुमचे कावळे हरले. मी मोठ्याने टाळी वाजवली. लेन रेडिओ बंद करून म्हणाला, दादा, बचाव फारच ढिला आहे हो. घरापर्यंत आम्ही त्याच्यावरच बोललो.

त्याचे ओठ सुजलेत, दोन दिवस तिखट देऊ नकोस. नाताळला दोघं या. एकटी आलीस तर दार उघडणार नाही.

तुझा,
दादा