शेजारचा ठिपका

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. गेल्या मंगळवारी तुम्ही साताऱ्याच्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात, माझ्याच टेबलावरच्या पडद्यावर आलात.

आता शोधाच्या चौकटीत विषय लिहिला की नुसती यादी येत नाही, नकाशा उघडतो. एकेक लेख म्हणजे एकेक गोल, आणि कुणी कुणाचा आधार घेतला त्याच्या मधे रेषा. जितक्यांनी आधार घेतला तितका गोल मोठा. मजकूर सारखा असला की यंत्र गोल शेजारीशेजारी ठेवतं. एम.एस्सी.च्या एका मुलीला मी हे शिकवत होते. तिनं क्षारपड जमिनीचा विषय टाकला आणि मधोमध तुमच्या लेखाचा गोल उघडला, केवढा तरी, चहूबाजूंनी रेषाच रेषा. त्याला चिकटून एक ठिपका. माझा प्रबंध. माहेरच्या नावानं आहे, त्यामुळे तिला कळायचं कारण नव्हतं.

त्या प्रबंधासाठी माती मी आष्ट्याच्या शिवारातून गोळा केली होती. बाबा कुपवाडला कारखान्यात लेथवर होते. सुट्टीच्या दिवशी मला स्कूटरवर मागं बसवून न्यायचे, पिशव्या धरायचे. एका रानात म्हातारीनं मातीचा खडा जिभेवर ठेवला, थुंकली आणि म्हणाली, "लिव, बाई. वरची न्हाई, खालची माती लय खारट हाय." त्यावरूनच मला थराथराची माती तपासायचं सुचलं. सांगलीला तुमच्या स्वयंपाकघरात पोहे खाता खाता तुम्ही माझे तक्ते चाळलेत. "कच्चं आहे. अजून सहा महिने थांब." मी थांबले. तेवढ्यात तुमचा लेख आला. तक्ते माझे, नाव तुमचं एकट्याचं.

तो अंक मी घरी नेला. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, पण माझं नाव ते ओळखायचे. बोट फिरवत म्हणाले, "ह्यात तुजं नाव कुठं हाय गं?" मी म्हणाले, "आत असतंय, बाबा." त्यांनी आतली सगळी पानं उलटून पाहिली.

तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही हात पुसत म्हणालात, "अगं, विद्यार्थ्याचं काम म्हणजे गाइडचंच काम. तुझं नाव येईल की पुढं." मी भांडले नाही. फक्त प्रबंधात तुमच्या त्या लेखाचा उल्लेख मुद्दाम केला नाही. माझा राग तेवढाच.

मंगळवारी ती मुलगी पडद्याशी वाकली. "मॅडम, हे दोन इतके चिकटून, आणि मधे रेष नाही? प्रबंध नंतरचा आहे, बघा. ह्या बाईंनी सरांचं उचललंय, आणि नावसुद्धा घेतलं नाही."

मी म्हणाले, "असेल."

तुमच्या लेखाच्या नोंदीवर हरकत घेता येते, सर. तसा अर्ज असतो. नमुन्यांच्या तारखांची वही माझ्या कपाटात आहे. तीन दिवस मी तो अर्ज उघडते आहे आणि बंद करते आहे. हे पत्रही तसंच राहील, पाठवणार तरी कुठं?

ह्या नोकरीसाठी शिफारसपत्र तुम्ही दिलंत, मी न मागता, त्या लेखानंतर महिन्याभरात. ते कशासाठी आहे हे पाकीट हातात घेतानाच मला कळलं होतं. तरी मी ते घेतलं, आणि वाकून तुमच्या पाया पडले.