तळमजल्याच्या दुकानाबाबत

मी, शरीराने थकलेली पण डोक्याने शाबूत, व्यवसायाने वकील, कोणाच्याही दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा सांगत आहे. लिहून घेत आहे माझी धाकटी मुलगी, तीही वकील. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात केली होती.

१. वरच्या मजल्यावरचे राहते घर धाकटीला.

२. बँकेतली शिल्लक थोरला मुलगा आणि धाकटी, दोघांना सारखी. कायद्याची पुस्तके मागेल त्याला द्यावीत, मात्र त्या जुन्या आवृत्त्यांवर विसंबून कोणी केस लढवू नये.

३. तळमजल्याचे दुकान भाडेकरू शिंपीमास्तरांकडून रिकामे करून घेऊन

इथून पुढचे अक्षर माझे. धाकटीने पेन खाली ठेवले.

"आई, या वयात ते जातील कुठे? मी नाही लिहिणार."

"थोरल्याला गाडी ठेवायला जागा हवीय. आणि मास्तर जिन्यात माझ्या अशिलांना गाठून विचारतात, खरं बोलायचंय तर वकील कशाला? किती वर्षं ऐकून घेऊ? अशील सांगेल ते लिही. चूक-बरोबर बघायला न्यायाधीश आहेत."

"मी टायपिस्ट नाही, वकील आहे," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

आमचा हा वाद जुना आहे. माझ्या मते वकिलाने अशिलाला आपला आवाज द्यावा. तोच आधी निवाडा करू लागला, तर नावडत्या माणसाची बाजू मांडणार कोण? ती म्हणते, गाऊन उतरवल्यावर जे करवणार नाही, ते गाऊन घालूनही करू नये. मला दोन्ही पटते, हीच तर गंमत.

मग ते वाक्य मीच पुरे करायला बसले आणि हात अडला. मोठे नवल वाटले. असली वाक्ये मी दुसऱ्यांसाठी सहज लिहून दिली आहेत. आज मात्र समोर अशील नाही. इच्छाही माझी आणि शब्दही माझेच. मास्तरांना घालवायचे माझ्या मनातच नव्हते, असे दिसते.

सबब कलम तीन असे वाचावे: दुकान मास्तरांनी हयातभर बिनभाड्याने वापरावे, नंतर ते थोरल्याचे. तोवर त्याने गाडी रस्त्यावर लावावी. धाकटीने मात्र आपण जिंकलो असे समजू नये. तिने दारातून परत पाठवलेला अशील कोणाकडे जाईल, हा माझा प्रश्न तसाच आहे. तिचे उत्तर ऐकायला मी नसेन, याचे फार वाईट वाटते.

साक्षीसाठी मास्तरांना वर बोलावले होते. ज्याला काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, म्हणून परत पाठवले. "बाई, माझ्या सहीवर भरवसा नाही, तर हाक कशाला मारलीत?" म्हणत ते तणतणत खाली गेले. त्यांना कारण सांगू नये. मी आहे तोवर त्यांनी माझ्याशी भांडत राहावे.

साक्षीदार: समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टर (सही), मास्तरांऐवजी कोपऱ्यावरचे औषधवाले (सही)
ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: आजचा शनिवार, कोर्टाला सुट्टी
मृत्युपत्र करणारी: (सही)